पटलावर न आलेला अहवाल

६ जून २०१७ च्या संध्याकाळी सोलापूरहून वहिनीचा फोन आला. “ताई, तुमच्या पिपल्यात गोळीबार झालाय म्हणे, टीव्हीवर सारखं दाखवतायत. दाजी कुठायत? दुकान बंद करायला सांगा आधी.” मी म्हटले, अगं, ते पिपल्या मंडी, मंदसौरचे. आमचे हाटपिपल्या देवास जिल्ह्यातले, मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर आहेत. तिची काही खात्री पटली नाही. रात्री माझे भाऊ ह्यांच्याशी बोलले तेव्हा कुठे माहेर शांत झाले.

माळव्यात पिपल्या नावाची गावे पुष्कळ. नुसते पिपल्या म्हटले तर बसवाला विचारतो, कोणते? लग्न होऊन इथे आले त्या वर्षी माझ्या नावाचे एक पत्रही असेच भलत्या पिपल्याला फिरून पंधरा दिवसांनी मिळाले होते.

पण माहेरची काळजी अगदीच फोल नव्हती. त्याच आठवड्यात आग आमच्याकडेही आली. दगड आले, ठाण्याच्या आवारात उभी असलेली वाहने पेटली. धुराचा वास घरात शिरला म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. आमच्या गल्लीत तेव्हा एक शिपाई बिऱ्हाड करून राहत होता. त्याची बायको दोन लेकरांना घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि नवरा येईपर्यंत हलली नाही. तो रात्री दोनला आला, कपाळाला पट्टी. पाणी प्यायला, आणि एवढेच म्हणाला की भाभीजी, वर विचारत होतो काय करू, वरून उत्तरच येत नव्हते.

त्याचे ते वाक्य मी विसरले नाही. पोलिसांना कायद्याने दिलेल्या संरक्षणाबद्दल पुढे जे जे वाचले ते त्या वाक्याला धरूनच वाचले. मी काही वकील नाही. इतिहास घेऊन बी.ए. केले, तेही सोलापुरात आणि पुष्कळ वर्षांपूर्वी. पण गोळी चालते, माणसे मरतात, आणि मग ‘हे बरोबर झाले की चूक’ हे नक्की कोण ठरवते, हा प्रश्न वकिलांसाठी सोडून द्यायचा नसतो असे मला वाटू लागले.

आधी मंदसौरचे सांगते, कारण ते आमच्या माळव्यातले आणि त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रात. १ जून २०१७ ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीच्या गाड्या अडल्या. त्याच दिवसापासून मध्य प्रदेशातही दहा दिवसांचे आंदोलन सुरू झाले. कारण दोन्हीकडे तेच, पीक भरपूर आणि भाव नाही. कांदा त्या वर्षी इतका पडला होता की आमच्या मंडीत लोक ट्रॉली परत नेण्याचे भाडेही परवडत नाही म्हणून तिथेच सोडून जायचे. मंदसौरकडे लसूण होतो, धने होतात, परवान्याची अफू होते. तिथले शेतकरी तसे खाऊनपिऊन सुखी, म्हणून तिथे एवढे पेटेल असे कोणाला वाटले नव्हते.

६ जूनला दोन ठिकाणी गोळी चालली. एक पिपल्या मंडीच्या पोलीस ठाण्यापाशी. दुसरे ठिकाण बही पार्श्वनाथ चौपाटी. टीव्हीवर हे नाव आले आणि मी हातातली कणीक तशीच ठेवली. बहीचे पार्श्वनाथ म्हणजे आमचे दर्शनाचे ठिकाण. चौपाटी म्हणजे मुंबईची नव्हे, इकडे चार रस्ते जिथे मिळतात त्याला चौपाटी म्हणतात. ज्या फाट्यावर यात्रेची बस वळते, चहा होतो, लेकरे कुल्फी मागतात, त्या फाट्यावर केंद्रीय राखीव दलाच्या बंदुका चालल्या होत्या. दोन्ही ठिकाणी मिळून गोळीने पाच शेतकरी गेले. सहावा दोन-तीन दिवसांनी गेला. त्याला पोलिसांनी मारहाण केली असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे.

पहिल्या दिवशी राज्याचे गृहमंत्री म्हणाले, पोलिसांनी गोळी चालवलीच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, चालवली. मृतांच्या घरच्यांना द्यायची रक्कम आधी पाच लाख जाहीर झाली, मग दहा लाख, मग एकदम एक कोटी आणि घरातल्या एकाला नोकरी. मुख्यमंत्री भोपाळच्या दसरा मैदानावर शांततेसाठी उपोषणाला बसले. आणि निवृत्त न्यायमूर्ती जे. के. जैन यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमला गेला, मुदत तीन महिन्यांची. ही मुदत वाढत वाढत गेली. अहवाल दिला गेला तो जून २०१८ मध्ये.

आता थोडे मागे जाते. सोलापूरच्या माणसाला गोळीबार म्हटले की मे १९३० आठवतो, मग तो कितीही उशिरा जन्मलेला असो. गांधीजींना अटक झाल्याची बातमी ५ मेला आली आणि गिरण्यांचे शहर रस्त्यावर उतरले. नगरपालिकेवर आधीच तिरंगा लागलेला होता. ८ मेला शिंदीची झाडे तोडणाऱ्या सत्याग्रहींना पकडल्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग जमाव खवळला. मंगळवार पेठेच्या चौकीवर पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. तीन-चार दिवस शहरात सरकार असे दिसत नव्हते, लोकच रहदारी सांभाळत होते. १२ मेला मार्शल लॉ आला तो ३० जूनपर्यंत राहिला.

माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगायची की तिच्या वडिलांच्या गांधी टोप्या घरातल्या बायकांनी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातल्या होत्या, कारण टोपी घालून बाहेर पडलेल्याची टोपी शिपाई उतरवायचे. “डाळ रोज करायचो, पण तळापर्यंत जायचं नाही,” असे म्हणून ती हसायची. हसत हसत पुढची चार नावे मात्र सावकाश घ्यायची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले. आज सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक आहे, तिथून मी कॉलेजला जायचे.

मेलेल्या पोलिसांसाठी चौघांना फाशी झाली. तेही कोणाचे तरी मुलगे होते आणि त्यांचा मृत्यू भयंकर होता, हे मी नाकारत नाही. पण ८ मेला रस्त्यावर जी माणसे गोळीने पडली त्यांच्यासाठी गोळी झाडणारा किंवा हुकूम देणारा कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही. नऊ वर्षांच्या मुलीलाही हा हिशेब कळला होता. आजी म्हणायची, “त्यांचं मेलं तर खून, आपलं मेलं तर बंदोबस्त.”

हा हिशेब काही सोलापूरने सुरू केला नव्हता. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात एक आयोग बसला होता, त्याने सरकारी नोकर आणि पोलीस लोकांचा छळ करतात हे सरकारच्याच शिक्क्याने लिहून ठेवले. त्यानंतर १८५७ झाले. इंग्रज घाबरला, आणि त्याने जो पोलीस कायदा केला तो १८६१ चा. तो लोकांच्या उपयोगासाठी केलेला नव्हता, राज्य टिकवण्यासाठी होता. त्यात एक कलम असे की या कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा करायचा तर तीन महिन्यांच्या आत करा. खेड्यातल्या माणसाला तीन महिन्यांत वकील कुठला मिळतो, साक्षीदार कोण होतो, आणि त्याच ठाण्याच्या हद्दीत राहून तो बोलणार कसा? पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा झाला, त्यातही अशी मुदत होतीच, फक्त जरा जास्त. आमच्या मध्य प्रदेशाने मात्र स्वतःचा नवा पोलीस कायदा केलाच नाही, इथे अजून १८६१ चाच.

आणि १९१९. जालियनवाला बागेबद्दल आपण शाळेत शिकतो, पण त्याच सप्टेंबरात सिमल्याला काय झाले ते शिकवत नाहीत. हंटर समितीने अजून एकही साक्ष घेतली नव्हती, आणि त्याआधीच सरकारने केंद्रीय कायदेमंडळात इंडेम्निटी बिल आणून मंजूर करून घेतले. म्हणजे पंजाबात सुव्यवस्थेसाठी ‘सद्भावनेने’ ज्यांनी काही केले त्यांच्यावर दावा नाही, खटला नाही. मदनमोहन मालवीयांनी कडाडून विरोध केला, पण मते सरकारची होती. चौकशी नंतर आणि माफी आधी. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्यातली आलोचना आठवली. आमच्याकडे दोषाची आलोचना म्हणजे गुरूसमोर बसून काय केले, कधी केले, कोणाशी केले ते तोंडाने सांगणे. ते झाल्यावर गुरू प्रायश्चित्त देतात. न सांगता थेट माफी घेण्याची सोय कुठेच नाही, पर्युषणात जगाला मिच्छामि दुक्कडम् म्हणत फिरणाऱ्यांनाही नाही.

तो ‘सद्भावनेने’ शब्द स्वातंत्र्यानंतरही राहिला. १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेत दोन कलमे आहेत, ती समजून घेतली की वर्तमानपत्रातल्या अर्ध्या बातम्या समजतात. १३२ वे कलम बेकायदा जमाव पांगवण्यापुरते. तसे करताना सद्भावनेने जे झाले तो गुन्हा नाही, आणि सरकारच्या मंजुरीशिवाय त्याबद्दल खटलाच चालवता येत नाही. १९७ वे कलम जास्त रुंद. सरकारी अधिकाऱ्याने पदाचे काम करताना, किंवा करतो आहे असे समजून, जे केले त्याबद्दल कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची परवानगी हवी. यातली एक गंमत मला उशिरा कळली. मूळ १९७ चे संरक्षण फक्त अशा अधिकाऱ्याला आहे ज्याला नोकरीवरून काढायला सरकारचीच परवानगी लागते. शिपाई, हवालदार, साधा फौजदार त्यात सहसा बसत नाही, राज्य सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच बसतो. म्हणजे आमच्या गल्लीतला तो कपाळ फुटलेला शिपाई आधी उघडा, आणि जे ‘वर’ होते, ज्यांच्याकडून उत्तर येत नव्हते, ते छत्रीखाली.

संरक्षण असूच नये असे मी म्हणत नाही. ज्याला जमावासमोर उभे राहायचे आहे त्याच्यावर दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक गुंडाने फिर्याद ठोकली तर तो काठी हातात घेणार नाही, आणि मग आमची दुकाने, आमची लेकरे कोणाच्या भरवशावर? त्या रात्री ओसरीवर बसलेल्या बाईला मी हे तोंडावर सांगू शकले असते की तुझ्या नवऱ्याला कसलेच कवच नको? नाही. माझे भांडण कवचाशी नाही, ते कोणाच्या हातात आहे याच्याशी आहे. गोळी सरकारच्या नोकराने चालवायची, चौकशी सरकारने नेमायची, खटल्याला परवानगी सरकारनेच द्यायची किंवा नाकारायची. आमच्या व्यापाऱ्यांत काटा मारणाऱ्याला स्वतःचे वजन स्वतः तपासू देत नाहीत. वर्षाला वजनमापवाला येतो, शिक्का मारतो, दंडही करतो, आणि आम्ही कुरकुरत का होईना तो भरतो.

‘पदाचे काम’ म्हणजे काय यावर कोर्टांनी पुष्कळ विचार केलेला आहे. १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गिल खटल्यात सांगितले की लाच घेणारा ती लाच पदाचे काम म्हणून घेत नसतो, तेव्हा त्याला ही ढाल नाही. १९६६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आत्माराम नावाच्या पोलिसाच्या, सुप्रीम कोर्टाने म्हटले की तपासासाठी आणलेल्या माणसाला मारणे आणि डांबून ठेवणे हे कर्तव्याच्या नावाखाली येत नाही, म्हणून मुंबई पोलीस कायद्यातली मुदतीची सवलतही त्याला नाही. वाचताना वाटते की मग प्रश्न सुटला. पण ठाण्याच्या चार भिंतींत काय झाले ते सांगणार कोण?

त्याचे उत्तर आमच्याच माळव्यात आहे, गांधीसागरच्या काठच्या रामपुऱ्यात. ऑक्टोबर १९८१ मध्ये नाथू बंजारा नावाच्या माणसाला चौकशीसाठी रामपुरा ठाण्यात आणले आणि तिथे तो मारहाणीने मेला. मग ठाण्यातल्याच लोकांनी खोटे कागद तयार केले. खालच्या कोर्टात सगळे सुटले. हायकोर्टाने फौजदाराला शिक्षा केली ती पुरावा नष्ट करणे, खोटी नोंद करणे, डांबणे यांबद्दल. मृत्यूबद्दल कोणालाच नाही, कारण मारताना पाहिलेला साक्षीदार नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि ९ मे १९९५ ला न्यायमूर्ती आनंद आणि फैजानुद्दीन यांनी निकाल दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कोठडीतल्या मृत्यूला बाहेरचा साक्षीदार मिळणारच नाही. तिथे हजर असतात ते पोलीस, आणि ते भावकीने बांधलेले असतात. कोर्टाने अशा वेळी डोळ्यांवर पट्टी बांधून नेहमीचाच पुरावा मागितला तर कायद्यावरचा लोकांचा विश्वास जाईल. फौजदाराला आणि तिघा सहकाऱ्यांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, आणि दंडाची रक्कम नाथूच्या वारसांना द्यायला सांगितले. चौदा वर्षे लागली. १९८५ मध्येच विधी आयोगाने सुचवले होते की कोठडीत माणूस जखमी झाला तर ती इजा पोलिसांनी केली असे कोर्टाला धरता यावे, अशी दुरुस्ती पुरावा कायद्यात करा. सुप्रीम कोर्टाने या निकालात त्या सूचनेची आठवण करून दिली. ती दुरुस्ती झाली नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बदलली, आणि ती महाराष्ट्रातल्या एका खटल्यामुळे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हाच मथुरा खटला. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा केली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या पत्राने देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतला बलात्कार वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा झाला. २०१३ मध्ये आणखी एक ओळ आली की अशा गुन्ह्यांत १९७ ची परवानगी लागणारच नाही. त्या एका ओळीला देसाईगंजपासून एक्केचाळीस वर्षे लागली, पण आली. म्हणजे परवानगी काढून टाकली तर पोलीस खाते कोसळत नाही, हे सरकारने स्वतःच सिद्ध केले आहे.

आणि हे काही कोणा चळवळीतल्या माणसांचेच म्हणणे नाही. आणीबाणीत आमच्या हाटपिपल्याचे कैलाश जोशी मिसाखाली तुरुंगात होते. १९५५ मध्ये ते आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, १९७७ मध्ये ते मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. त्या वर्षी देशात असे पुष्कळ मंत्री होते ज्यांनी कोठडी आतून पाहिली होती. त्याच वर्षी दिल्लीत धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला. त्याने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. पहिल्यातच सांगितले की कोठडीतला मृत्यू, कोठडीतला बलात्कार, आणि जमाव पांगवताना गोळीने दोन किंवा अधिक माणसे मेली, तर न्यायाधीशाकडून चौकशी सक्तीची करा. आठव्यात सांगितले की १३२ आणि १९७ कलमांचे पोलिसांचे संरक्षण काढून घ्या. आयोग सरकारी होता, त्यात मोठमोठे अनुभवी अधिकारी होते. पण बहुतेक अहवाल आले तोवर जनता सरकार गेले होते, आणि ज्यांनी कोठडी पाहिली होती तेही पुढे सत्तेवर परत आले तेव्हा हे अहवाल कोणी कपाटातून काढले नाहीत. आमच्या गावाला जोशींचा अभिमान आहे, मलाही आहे. तरीही हे लिहिले पाहिजे.

निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याच अहवालांच्या अंमलबजावणीसाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. त्यात राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असा आदेश होता. राज्यांनी काय केले? महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. बहुतेकांनी आदेश पाळल्यासारखे केले. आमच्या देवास जिल्ह्यात रस्त्यावर दहा जणांना विचारा, असे प्राधिकरण कुठे आहे? दहाही जण तुम्हाला ठाण्याकडे बोट दाखवतील.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. १३२ चे १५१ झाले, १९७ चे २१८. एक सुधारणा खरोखर चांगली आहे. २१८ खाली मंजुरी मागितल्यावर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे. फाइल दाबून ठेवण्याचा जुना धंदा निदान तिथे तरी बंद व्हावा. फाइल वेळेत नाकारण्याचा मार्ग अर्थात मोकळाच आहे.

मंदसौरच्या बाबतीत गोष्ट मंजुरीपर्यंत पोचलीच नाही, ती अहवालातच अडकली. वर्तमानपत्रांत त्यातले जे आले त्यावरून आयोगाने गोळीबार आवश्यक आणि कायदेशीर ठरवला. पण आधी पायांवर नेम धरायला हवा होता, पोलीस आणि जिल्हा प्रशासन यांच्यात ताळमेळ नव्हता, असेही त्यात असल्याचे छापून आले. म्हणजे आमच्या शिपायाने रात्री दोन वाजता सांगितले तेच. ताळमेळ कोणाचा चुकला, कोणत्या साहेबाने फोन उचलला नाही, हे त्या पानांत असेल तर ते वाचण्याचा हक्क पाच घरांना आहे, आणि माझ्या मते त्या शिपायालाही आहे.

१९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात लिहिले आहे की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्यावर काय केले त्याच्या टिपणासह, तो विधानसभेच्या पटलावर ठेवायचा. जून २०१८ पासून मोजले तर डिसेंबर २०१८. त्या डिसेंबरात सरकारच बदलले. गोळीबाराच्या पहिल्या वर्षदिनी पिपल्या मंडीत सभा घेऊन न्यायाचे आणि कर्जमाफीचे वचन दिलेला पक्ष सत्तेवर आला. मला वाटले, आता तरी अहवाल येईल. आला नाही. उलट २०१९ मध्ये नव्या गृहमंत्र्यांच्या विधानसभेतल्या लेखी उत्तरात गोळीबार आत्मरक्षणासाठीच झाला असे आले आणि त्यांच्याच पक्षात आरडाओरडा झाला. मार्च २०२० मध्ये जुने सरकार परतले. दोन्ही पक्षांना एकमेकांची कागदपत्रे बाहेर काढायची इतकी हौस, आणि हा एक कागद मात्र दोघांनीही जपला.

रतलामचे माजी आमदार पारस सकलेचा यांनी अहवाल पटलावर ठेवावा म्हणून इंदूर खंडपीठात याचिका केली. २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. एवढी वर्षे उलटल्यावर आता त्याचा उपयोग काय, असा कोर्टाचा सूर होता. सकलेचा सुप्रीम कोर्टात गेले. उशीर कोणी केला आणि त्याचा तोटा कोणाला झाला, हे मला त्या बातमीत कुठे सापडले नाही, म्हणून मी ती दोनदा वाचली. मग ह्यांना वाचायला दिली. ते म्हणाले, “उधारी तीन वर्षे वसूल केली नाही की बुडते, तसंच आहे हे.” मी म्हटले, पण इथे वही ज्याच्याकडे उधारी आहे त्याच्याच कपाटात आहे ना!

तो शिपाई पुढे बदलून गेला, बहुतेक आगर-माळव्याकडे. त्याच्या बायकोचा राखीला फोन येतो. त्या जून महिन्याबद्दल आम्ही दोघी कधी बोलत नाही.

२०२४ च्या दिवाळीत मी सोलापूरला होते. चार हुतात्मा चौकात रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा वहिनीने एकदम विचारले, “ताई, त्या दुसऱ्या पिपल्याचं पुढं काय झालं हो? चौकशी बसली होती ना?” मी सांगितले, चौकशी झाली, अहवालही झाला, जैन आयोगाचा. “मग काय लिहिलंय त्यात?” मी म्हटले, ते अजून विधानसभेसमोर आलेले नाही. ती म्हणाली, “सात वर्षं झाली की!” तेवढ्यात सिग्नल सुटला.